आजोबांची बॅटरी-स्कूटर: चार्जिंग रात्री नको, सकाळची फेरी झाल्यावर करा

मुंबई उपनगर : गुडघे साथ देत नाहीत, पण बागेपर्यंत, देवळापर्यंत जायचं तर असतंच. अशा ज्येष्ठांना बसून चालवायची तीन-चार चाकी मोबिलिटी स्कूटर मोठा आधार ठरते. घेताना घरचे सीट, वेग, किंमत बघतात. चार्जिंग कुठे आणि कधी करायचं, हे गाडी घरी आल्यावर ठरतं. बहुतेक वेळा रात्री, दाराजवळच्या सॉकेटवर. जागा आणि वेळ दोन्ही चुकीच्या.

सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत घरात रात्री चार्जिंगला लावलेल्या ई-स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन ७ वर्षांच्या मुलाचा भाजून मृत्यू झाला. ती रस्त्यावरची दुचाकी होती. पण लिथियम-आयन बॅटरी कुठल्याही गाडीत तशीच वागते. एक सेल बिघडून तापला की शेजारचा तापतो आणि आग भराभर पसरते. अंधेरी-बोरिवलीच्या वन रूम किचनमध्ये दारातच गाडी पेटली तर बाहेर पडायची वाटच बंद होते. म्हणून दार, जिना, पॅसेज आणि मीटर रूममध्ये चार्जिंग नको. मुलुंड-घाटकोपरच्या बिनलिफ्टच्या जुन्या इमारतींत गाडी जिन्याखाली ठेवली जाते. तिथे सोसायटीनेच तळमजल्यावर मोकळ्या हवेत, अर्थिंग असलेला वेगळा पॉइंट दिलेला बरा.

आपल्या गाडीत बॅटरी कोणती, हे आधी पाहा. अनेक गाड्यांत १२ व्होल्टच्या दोन सीलबंद लेड-ॲसिड बॅटऱ्या असतात, मिळून २४ व्होल्ट. ‘पूर्ण उतरल्याशिवाय चार्ज करू नका’ हा सल्ला या बॅटरीला मारतो. अर्धवट रिकामी पडून राहिली की आतल्या प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि फेरी दिवसेंदिवस आखूड होते. त्यामुळे नुसतं कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन आलं तरी चार्जिंगला लावावं, आणि पूर्ण होऊ द्यावं. त्याला ८ ते १० तास लागू शकतात. बिलाच्या भीतीने मध्येच बटण बंद करणारे आजोबा घरोघरी असतील. पण २४ व्होल्ट, २० ॲम्पिअर-तासाच्या बॅटरीला रिकामीपासून भरायला साधारण अर्धा-पाऊण युनिट लागतं.

मग रात्र टाळायची कशी? सकाळची फेरी मारून आल्यावर अर्धा तास गाडी थंड होऊ द्या आणि नऊ-दहाच्या सुमारास चार्जर लावा. संध्याकाळपर्यंत काम होतं आणि घरात कोणीतरी जागं असतं.

लिथियम बॅटरी हलकी; तिला दरवेळी पूर्ण भरायची गरज नसते. महिनाभर गावी जायचं असेल तर ती निम्मी भरून ठेवावी. लेड-ॲसिड मात्र पूर्ण भरून, आणि परतायला उशीर होणार असेल तर शेजाऱ्यांना सांगून महिन्यातून एकदा चार्ज करून घ्यावी.

खरा घोळ बॅटरी बदलताना होतो. लेड-ॲसिड काढून लिथियम पॅक बसवला आणि चार्जर जुनाच ठेवला, असं करू नका. दोन्हींवर ‘२४ व्होल्ट’ लिहिलेलं असलं तरी चार्जिंगची पद्धत वेगळी असते. लेड-ॲसिडच्या दोन्ही बॅटऱ्या एकदमच, एकाच कंपनीच्या बदलाव्यात. एक जुनी राहिली तर ती नवीलाही खाली ओढते.

बॅटरी फुगली, गरम लागली, उग्र वास आला तर चार्ज करू नका. पावसाच्या पाण्यात बुडालेली गाडी मेकॅनिकला दाखवल्याशिवाय सुरू करायची नाही. धूर दिसला तर गाडी वाचवायला न जाता सगळ्यांनी बाहेर पडून १०१ ला फोन करायचा.

आणखी एक गोष्ट, आगीशी संबंध नसलेली. मोटरजवळ गाडी ढकलण्यासाठी एक लिव्हर असते. ती ओढली की या गाड्यांचा आपोआप लागणारा ब्रेक सुटतो. सोसायटीच्या उतारावर वॉचमनने मदत म्हणून ती ओढली आणि आजी सीटवरच असल्या, तर गाडी सरळ गेटकडे धावते. लिव्हर फक्त सपाट जागी, गाडीवर कोणी नसताना वापरायची, हे वॉचमनलाही सांगून ठेवा.

जुनी बॅटरी ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवी घेताना दुकानदाराकडेच द्या. लेड-ॲसिडचे तर बदल्यात पैसेही कमी होतात.