हातब्रेक, पण तेलाचा

सोलापूरच्या आसपास मुरमाच्या कच्च्या रस्त्यावर सायकल चालवणाऱ्या मुलांना एक युक्ती कोणी शिकवावी लागत नाही. वेगात असताना हँडल किंचित वळवायचे आणि फक्त मागचा ब्रेक करकचून दाबायचा. मागचे चाक घसरत बाजूला जाते आणि सायकल वळते. रॅलीच्या मोटारीत चालक नेमके हेच करतो. नाशिक परिसरात अशाच रस्त्यांवर राष्ट्रीय रॅलीच्या फेऱ्या झाल्या आहेत. अगदी उलटे फिरणाऱ्या वळणावर नुसत्या स्टिअरिंगने गाडी पुरेशी वळत नाही. मग हातब्रेक ओढून मागची चाके क्षणभर अडवतात.

चाक अडल्याने गाडी का वळावी? फिरणाऱ्या चाकाचा जमिनीला टेकलेला भाग त्या क्षणी जवळजवळ घसरत नसतो, म्हणून तो आडवा रेटाही पेलतो. अडलेले चाक घसरू लागते. आता घर्षण फक्त घसरण्याच्या उलट दिशेला असते. आडवे धरून ठेवायला काही उरत नाही. पुढची चाके मात्र फिरत असतात. त्यामुळे पुढचा भाग वळणात शिरतो आणि मागचा भाग जडत्वाने बाहेर जातो. याउलट पुढची चाके अडली, तर स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळच जाते.

नेहमीच्या हातब्रेकला तार असते. उभी गाडी धरून ठेवण्यासाठी ती उत्तम. पण तार ताणते, आवरणात घासते, आणि धावत्या गाडीची चाके एका झटक्यात अडवायला अपुरी पडते. म्हणून रॅलीच्या गाडीत स्टिअरिंगजवळ लांब उभा दांडा बसवतात. तो तारेऐवजी ब्रेक-तेलाच्या सिलिंडरमधला दट्ट्या ढकलतो. येथे पास्कलचा नियम कामाला येतो.

थोडे गणित करू. हाताने २०० न्यूटन, म्हणजे सुमारे २० किलो वजन उचलण्याइतके बळ लावले. दांड्याच्या तरफेने ते ७ पट, म्हणजे १४०० न्यूटन होते. सिलिंडरच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ २ चौ. सेंमी. धरल्यास तेलातला दाब दर चौ. सेंमी.ला ७०० न्यूटन, म्हणजे वातावरणाच्या सुमारे ७० पट होतो. चाकाजवळच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ १० चौ. सेंमी. असेल, तर प्रत्येक चाकाला ७००० न्यूटन आणि दोन्ही चाकांना मिळून १४,००० न्यूटन बळ मिळते. ७० पट! हे फुकट मिळत नाही. चाकाजवळचे दट्टे ०.२ मिमी. सरकायचे, तर हाताला ७० पट, म्हणजे १४ मिमी. अंतर ओढावे लागते.

हे सिलिंडर मागच्या ब्रेककडे जाणाऱ्या नळीतच बसवतात. पायाचा ब्रेक दाबला की तेल त्यातून आरपार मागे जाते. दांडा ओढला की आतला दट्ट्या पायाकडची वाट बंद करतो आणि फक्त मागच्या चाकांवर दाब देतो. इतके सोपे?

खरी अडचण पुढे आहे. पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या बहुतेक लहान मोटारींत ब्रेकचे तेल तिरप्या जोडीने विभागलेले असते: पुढचे डावे व मागचे उजवे एका मार्गावर, उरलेली दोन दुसऱ्या मार्गावर. एक नळी फुटली तरी पुढचे एक चाक थांबवता येते, आणि थांबवण्याचे बहुतेक काम पुढचीच चाके करतात. हातब्रेकचे सिलिंडर एकाच मार्गावर घातले, तर मागचे एकच चाक अडेल. दोन्ही मार्ग एका सिलिंडरला जोडले, तर ते एकमेकांत मिसळतील आणि एका गळतीने दोन्ही रिकामे होतील. म्हणून दोन मार्गांसाठी दोन वेगळी सिलिंडरे बसवावी लागतात, किंवा पुढचा व मागचा असे मार्ग नव्याने बांधावे लागतात. मग पुढची नळी फुटली की उरतो तो फक्त मागचा, दुबळा ब्रेक. कोणत्याही गॅरेजमध्ये संध्याकाळभरात उरकण्याचे हे काम नव्हे, असे आम्हाला वाटते. चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीत तर मागची चाके अडताच पुढचीही अडू पाहतात; त्यांची जोडणी त्या क्षणी सोडवावी लागते.

शिवाय या दांड्याने गाडी उभी करून ठेवता येत नाही. वळणानंतर तो लगेच सुटावा म्हणून त्याला दातेरी पट्टी नसते. पट्टी बसवली तरी तप्त भाग थंड होऊन आकसतात, तेल किंचित झिरपते आणि दाब उतरतो. घाटात उभी केलेली गाडी अशाने घरंगळेल. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ९६ वा नियम पार्किंग ब्रेक आणि पायाचा ब्रेक अशा दोन स्वतंत्र योजना मागतो. १९८८ च्या कायद्याचे ५२ वे कलम नोंदणीतल्या मूळ तपशिलापासून गाडी वेगळी होईल असा बदल करू देत नाही. म्हणून तारेचा हातब्रेक काढू नये, आणि तेलाचा दांडा स्पर्धेच्या गाडीपुरताच ठेवावा.

वर्गात हे दाखवायला २ व १० मिलीच्या दोन सिरिंज (सुया काढून) आणि सलाईनच्या नळीचा तुकडा पुरतो. सर्व पाण्याने भरा आणि दोन विद्यार्थ्यांना दोन टोकांचे दट्टे दाबायला सांगा. लहान सिरिंजवाला विद्यार्थी कमी बळात जिंकतो, पण त्याचा दट्ट्या बराच जास्त सरकतो. मग नळीत एक बुडबुडा मुद्दाम सोडा. लहान दट्ट्या दाबला तरी आधी बुडबुडाच आकसतो. पलीकडचा उशिरा हलतो. ब्रेकच्या नळ्यांतून हवा काढताना मेकॅनिक एवढा वेळ का घेतो, हे मुलांना तेव्हा विचारावे.