घर एक, वाटेकरी अनेक

'घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून' असे आपण मराठीत म्हणतो. कन्नडमध्ये तीच म्हण 'मने कट्टि नोडु, मदुवे माडि नोडु' अशी आहे. जोयडा तालुक्यातील अनेक घरांत दोन्ही म्हणी एकाच आजीच्या तोंडून ऐकायला मिळतात!

जोयडा, रामनगर भागातील मुले नोकरीसाठी बेळगाव, हुबळी, गोव्याला जातात. तिथे पहिले घर घ्यायचे म्हटले की घोडे सुरुवातीच्या रकमेपाशी अडते. तीस लाखांपर्यंतच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या फार तर ९० टक्के रक्कम देते. उरलेले पैसे, मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च आपल्याच खिशातून. पगारात महिन्याचा हप्ता बसतो, पण एकरकमी तीन-चार लाख आणायचे कुठून?

इंग्लंडमध्ये यावर एक तोड निघाली. घर पूर्ण विकत न घेता त्याचा एक वाटा घ्यायचा आणि उरलेल्या वाट्याचे भाडे गृहसंस्थेला द्यायचे. समजा घर ४० लाखांचे आहे. पाव वाटा घेतला तर किंमत १० लाख, म्हणजे सुरुवातीची रक्कमही तेवढ्याच प्रमाणात कमी. पुढे ऐपत वाढेल तसा वाटा वाढवायचा. पूर्वी किमान वाटा २५ टक्के होता, २०२१ च्या नव्या नियमांत तो १० टक्क्यांवर आणला गेला. मात्र जुन्या करारांत मेख अशी की, पाव वाट्याच्या मालकालाही देखभालीचा खर्च पुरा भरावा लागे.

आपल्याकडे अशी सरकारी योजना नाही. पण वाट्याने घर घेण्याची कल्पना आपल्याला परकी नाही, आणि तिचा एक धागा थेट आपल्या जिल्ह्याशी जुळतो. उत्तर कन्नड १८६२ पासून १९५६ पर्यंत मुंबईच्या कारभारात होता. इथली माणसे पोटासाठी मुंबईला जात आणि भाड्याच्या खोल्यांत दिवस काढत. त्यांत चित्रापूर सारस्वतही होते. त्यांचा मठ शिरालीचा, भटकळ तालुक्यातला. याच समाजातील रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने १९१५ मध्ये गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. (बंगळूरमध्ये अशी संस्था १९०९ मध्येच निघाली होती, हेही सांगायला हवे.)

या सहकाराची एक पद्धत 'भाडेकरू सहभागीदारी' म्हणून ओळखली जाते. इमारत संस्थेची, सभासदाकडे संस्थेचे भाग आणि राहण्याचा हक्क. सभासदाला सोडून जायचे असेल तर भाग आणि हक्क संस्थेच्या नियमांप्रमाणे दुसऱ्याकडे जातात, भिंती वाटून घ्याव्या लागत नाहीत. माझ्या मते या पद्धतीचे खरे बळ इथेच आहे. आत येण्याची सोय कोणीही करतो, बाहेर पडण्याची वाट आधी आखून ठेवणारे विरळा.

आपल्या गावाकडे पाहा. पहाणी उताऱ्यावर आजोबांनंतर दहा-बारा नावे चढतात. कन्नडमध्ये त्यांना 'पालुदार' म्हणतात, आपण वाटेकरी म्हणतो. प्रत्येकाचा वाटा आहे, पण कुणाचा किती आणि कुठून कुठवर, हे कुणी लिहिलेले नसते. मग एकाला पैशांची गरज पडते आणि सगळे घर कज्ज्यात सापडते.

म्हणून दोघा भावांनी, बहीण-भावाने किंवा नवरा-बायकोने मिळून शहरात घर घेताना खरेदीखतात प्रत्येकाचा वाटा टक्क्यांत लिहावा. पैसे कोणी किती घातले हे कळले नाही, तर कायदा वाटे सारखे धरतो. ज्याने सत्तर टक्के घातले त्याला हे महागात पडते. दुसरी गोष्ट कर्जाची. दोघांच्या नावे कर्ज असेल आणि एकाचे हप्ते थकले, तर बँक दुसऱ्याकडून पूर्ण रक्कम मागू शकते, निम्मी नव्हे. एकाला बाहेर पडायचे असेल तर त्याचा वाटा आधी कुणाला द्यायचा आणि किंमत कशी ठरवायची, याचाही करार आधीच करावा. हे गोडीगुलाबीच्या दिवसांत बोलायला जड जाते, म्हणून राहून जाते.

गावात बांधणाऱ्यांसाठी वाट निराळी आहे. प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेत घर सहसा बायकोच्या किंवा नवरा-बायको दोघांच्या नावे मंजूर होते. पंचायतीत अर्ज देताना बायकोचे नाव कागदावर नीट आले आहे ना, ते पाहावे.

शेवटची सूचना आपल्यासारख्या दुभाषी घरांसाठी. खरेदीखत कन्नडमध्ये असेल आणि सून बेळगावच्या मराठी शाळेत शिकलेली असेल, तर सहीआधी तिला ते ओळ न ओळ वाचून, मराठीत समजावून सांगावे.