बेट्टाची टाकी

थायलंडच्या भातखाचरांतील हा लढवय्या मासा वर येऊन हवेतला प्राणवायू घेतो. तेव्हा लोणच्याच्या बरणीतही तो सुखाने जगेल, असा पुष्कळांचा समज असतो. आमचाही होता, त्यापायी पहिला मासा आम्ही गमावला. श्वास हवेतून घेतला, तरी त्याच्या कल्ल्यांतून सुटणारा अमोनिया पाण्यातच साचतो. फिल्टरच्या स्पंजावर वाढणारे जीवाणू या विषाचे आधी नायट्राइट व मग बरेच निरुपद्रवी असे नायट्रेट करतात. म्हणून २० लिटरांची टाकी घ्यावी, रोज चिमूटभर खाद्य टाकून महिना-दीड महिना जीवाणू रुजू द्यावेत. मगच एकटा नर आणावा. पाणी २६ अंशांच्या आसपास असावे. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी क्लोरीन घालवून बदलावे. स्पंज मात्र टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. नळाखाली धुऊ नये. घरातल्या स्वच्छताप्रिय मंडळींना हे आधीच बजावून ठेवावे.