मनगटावरची मात्रा : काही गैरसमज

स्मार्टवॉचवर मेट्रोनोमचं ॲप बनवायचं म्हटलं की पहिलं उत्तर येतं, ‘त्यात काय, टायमर लावायचा!’ पण टायमर सांगितलेल्या क्षणी वाजेलच असं नाही. घड्याळ दुसऱ्या कामात गुंतलं असेल, तर तो काही मिलिसेकंद उशिरा जागा होतो. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची. प्रत्येक मात्रा आधीच्या मात्रेपासून मोजली आणि दर वेळी एकच मिलिसेकंद उशीर झाला, तरी पाच मिनिटांत ६०० मिलिसेकंद साचतात. अख्खी मात्रा गेली! म्हणून प्रत्येक मात्रेची वेळ सुरुवातीच्या क्षणापासूनच काढायची. एकट्याने रियाज करताना ही संथ घसरण कदाचित कळणारही नाही; सोबत लेहऱ्याचं रेकॉर्डिंग लावलं की लगेच उघडी पडते. त्याहून वाईट म्हणजे एक मात्रा लवकर, पुढची उशिरा असं होणं. लयीला पक्का असलेला कान ते क्षणभरही सहन करत नाही.

कंपन हवं तसं, हवं तितक्या वेळा देता येतं, हाही समजच. ॲपलच्या घड्याळावर ॲपला कंपनाच्या ठरावीक नमुन्यांतूनच निवड करावी लागते. एक कंपन चालू असताना दुसरं मागितलं, तर यंत्रणा पहिलं तोडते आणि पुढचं सुरू करण्याआधी किमान १०० मिलिसेकंद थांबते. द्रुत लयीत प्रत्येक मात्रेचा हट्ट न धरता फक्त समेवर आणि टाळ्यांवर ठोका द्यावा, हे माझं ठाम मत आहे.

मेट्रोनोम कुठल्याही संगीताला तसाच चालतो, हा समज मला सगळ्यांत घातक वाटतो. मेल्झेलने १८१५ मध्ये पेटंट घेतलेल्या या यंत्राचा रूढ पल्ला मिनिटाला ४० ते २०८ ठोक्यांचा. आपल्या विलंबित एकतालात एकेक मात्रा चार सेकंदांचीही असू शकते, म्हणजे मिनिटाला १५ आणि बारा मात्रांचं आवर्तन ४८ सेकंदांचं. तेवढ्या पोकळीत नुसता ठोका गायकाला आधार देत नाही. तबलजी मात्रेच्या पोटात बोल भरतो म्हणून लय धरता येते. तेव्हा ॲपमध्ये मात्रेचे चार भाग हलक्या ठोक्यांनी दाखवण्याची सोय हवीच. शिवाय ‘पहिला ठोका जोरकस’ हा नियम रूपकात फसतो, कारण त्याच्या सात मात्रांत सम ‘खाली’वरच, म्हणजे टाळी नसलेल्या जागी येते.

घड्याळ मनगटावर असतं म्हणून सगळ्या वादकांना सारखंच उपयोगी, हेही खरं नाही. डग्ग्यावर घिस्सा काढताना डाव्या तळव्याची मनगटालगतची कड चामड्यावर दाबत सरकते. तिथे पट्टा आडवा येतो आणि हाताच्या आघातात कंपन हरवतं. गायकाला मात्र तेच घड्याळ, तानपुऱ्याच्या सुरात कसलीही टकटक न मिसळता, लय दाखवू शकतं.