साउंड डिझाइन शिकायला गाणं यावं लागत नाही

“पोरगी गात नाही, पेटी वाजवत नाही, मग तिला साउंडला घालून काय उपयोग?” बारावीचा निकाल लागला की हा प्रश्न हमखास कानावर येतो. दुसऱ्या घरात याच्या बरोबर उलट चाललेलं असतं: मुलगा स्नेहसंमेलनात गातो, की-बोर्ड बरा वाजवतो, तेव्हा त्याला साउंड इंजिनिअरिंगला पाठवायचं ठरतं. गैरसमज दोन्हीकडे एकच. त्यापायी मुलांची वर्षं आणि पालकांचे पैसे वाया जाताना पाहवत नाहीत, म्हणून तो जरा सविस्तर खोडतो.

चित्रपटाच्या आवाजामागे तीन वेगळी कामं असतात. चित्रीकरणाच्या जागी संवाद टिपणारा लोकेशन साउंड रेकॉर्डिस्ट, नंतर सगळा ध्वनिपट रचणारा साउंड डिझायनर आणि शेवटी संवाद, इतर आवाज व संगीत यांचा मेळ घालणारा री-रेकॉर्डिंग मिक्सर. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत बरीच वर्षं या तिघांना वेगवेगळी पारितोषिकं मिळत होती. भाऊराव कऱ्हाडे यांच्या ‘ख्वाडा’ला ६२व्या पुरस्कारांत ध्वनीचं पारितोषिक मिळालं, ते लोकेशन साउंडसाठी. गायन आणि संगीताची पारितोषिकं निराळीच.

प्रसंग चित्रित झाला की रेकॉर्डिस्ट सगळ्यांना जागच्या जागी उभं करून मिनिटभर नुसती शांतता रेकॉर्ड करतो. याला रूम टोन म्हणतात. जुन्या वाड्याच्या माजघरातली शांतता आणि एसी बंद केलेल्या ऑफिसातली शांतता कानाला वेगळी लागते. संवादाच्या दोन तुकड्यांमधली जागा कोरी सोडली, तर प्रेक्षकाला काहीतरी तुटल्याचं जाणवतं, पण काय ते सांगता येत नाही. तिथे हा मिनिटभराचा तुकडा कामी येतो. यात सारेगम कुठे आलं?

आलं ते फिजिक्स. नटाच्या कॉलरला एक माईक आणि त्याच्यापासून मीटरभर वर काठीला लावलेला बूम माईक असेल, तर आवाज बूमपर्यंत सुमारे ३ मिलिसेकंद उशिरा पोचतो. दोन्ही तसेच मिसळले की काही कंप्रता एकमेकींना खोडतात आणि बोलणं डब्यातून आल्यासारखं पोकळ लागतं. हे कानाला कळलं पाहिजे आणि का झालं तेही उमगलं पाहिजे. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट शिक्षणसंस्थेत साउंडच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला कुठल्याही शाखेची पदवी चालत आली आहे, मात्र बारावीला फिजिक्स लागतं. संगीत विशारद कुणी मागत नाही. तिथेच शिकलेल्या रसूल पुकुट्टी यांना ‘स्लमडॉग मिलियनेअर’च्या ध्वनिमिश्रणासाठी २००९ मध्ये ऑस्कर मिळालं. ते मूळचे फिजिक्सचे पदवीधर.

संगीत लागतं तिथे मात्र लागतंच. म्युझिक प्रॉडक्शन किंवा म्युझिक टेक्नॉलॉजी करायची, तर स्वर, ताल, वाद्यांची ओळख हवी. इंग्लंडच्या सरे विद्यापीठाने १९७०मध्ये सुरू केलेला टोनमायस्टर हा अभ्यासक्रम गणित-फिजिक्सच्या जोडीला संगीताचीही पक्की तयारी मागत आला आहे. तेव्हा आधी मुलाला गाणी रेकॉर्ड करायची आहेत की सिनेमा, गेम यांचा आवाज रचायचा आहे, ते विचारा. मग अभ्यासक्रमाचे विषय एकेक करून वाचा. नावावर जाऊ नका.

“साउंड इंजिनिअरिंगची डिग्री मिळते म्हणाले” हा दुसरा घोटाळा. विद्यापीठ अनुदान आयोग कायदा, १९५६चं कलम २२ उघडून पाहा: पदवी द्यायचा अधिकार फक्त विद्यापीठांना, अभिमत विद्यापीठांना आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थांना आहे. अकादमीच्या प्रमाणपत्रावर ‘इंजिनिअर’ छापलं म्हणून ते बी.ई. होत नाही. प्रमाणपत्र किंवा पदविका वाईट असंही नाही. एफटीआयआय कित्येक दशकं पदविकाच देत आली, अभिमत विद्यापीठाचा दर्जा तिला २०२५मध्ये मिळाला. पण पुढे एम.ए. किंवा परदेशी मास्टर्स करायचं असेल, तर बहुतेक ठिकाणी पदवी मागतात. फी भरण्याआधी पदवी कोणत्या विद्यापीठाची, ते लेखी घ्या आणि आयोगाच्या संकेतस्थळावर पडताळा. बोगस विद्यापीठांची यादीही तिथेच आहे.

असेच आणखी काही समज. “प्रो टूल्स आलं की साउंड डिझाइन आलं.” सॉफ्टवेअर काही महिन्यांत हाताला बसतं; कुठला आवाज काढून टाकायचा, हे कळायला वर्षं जातात.

“काम फक्त सिनेमातच.” गेम, डबिंग, पॉडकास्ट, नाटक, सभागृहांचं ध्वनिनियोजन, सगळीकडे माणसं लागतात. गेमसाठी वाइज किंवा एफमॉड हे सॉफ्टवेअर शिकावं लागेल, एवढंच.

“मोठ्या आवाजाची सवय झाली की कान तयार होतो.” साफ चूक. कान निकामी होतो. अमेरिकेच्या नायॉश या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलमध्ये दिवसाला ८ तास ही मर्यादा आहे आणि दर ३ डेसिबलला ती निम्म्यावर येते. १०० डेसिबलला उरतात जेमतेम १५ मिनिटं. मिरवणुकीत डीजेच्या भिंतीसमोर तासन्‌तास नाचणाऱ्या मुलाला या क्षेत्रात यायचं असेल, तर प्रवेश अर्जाच्या आधी त्याने इअरप्लग घ्यावेत.