पटावरील दाण्यांची संख्या

बुद्धिबळाच्या पटावरील पहिल्या घरासाठी धान्याचा एक दाणा, दुसऱ्यासाठी दोन, तिसऱ्यासाठी चार, असे घरागणिक दुप्पट दाणे मागणाऱ्या चतुर पुरुषाची कथा, श्रोतेहो, आपण लहानपणी ऐकलेली असेल. राजाची कोठारे अपुरी पडली, एवढे सांगून कथा संपते. ज्या संख्येपुढे ती अपुरी पडली, तिच्याकडे मात्र सहसा कोणी वळून पाहत नाही. चौसष्ट घरांतील दाण्यांची बेरीज १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ होते. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील स्थानांच्या यादीत शेवटचे नाव परार्धाचे, म्हणजे एकावर सतरा शून्ये. असे १८४ परार्ध मोजून दिले तरी ऋण फिटत नाही!

परंतु नुसत्या अवाढव्यपणात काय मौज? खरी मौज या संख्येच्या घडणीत आहे. कोणत्याही घरातील दाणे आधीच्या सर्व घरांतील दाण्यांहून एकाने अधिक असतात. तेव्हा पासष्टावे घर असते, तर त्यात जितके दाणे पडते त्याहून आपली बेरीज एकाने कमी. पासष्टाव्या घराची संख्या हा तेहतिसाव्या घरातील संख्येचा वर्ग होय. आणि वर्गातून एक वजा केला की मूळ संख्येहून एकाने लहान व एकाने मोठी अशा दोन संख्यांचा गुणाकार मिळतो, हे शाळेतील बीजगणित. म्हणून आपली संख्या ४,२९,४९,६७,२९५ आणि ४,२९,४९,६७,२९७ यांचा गुणाकार ठरते. पैकी पहिली याच युक्तीने फुटत जाते आणि शेवटी ३, ५, १७, २५७ व ६५,५३७ हे पाच अवयव हाती येतात. पाचही अविभाज्य.

या पाचांत एक नाते आहे. कोणत्याही एकातून १ वजा करावा, बाकीचा वर्ग करावा, त्यात १ मिळवावा, की पुढची संख्या तयार! ६५,५३७ नंतर याच रीतीने येते ती ४,२९,४९,६७,२९७, म्हणजे आपला दुसरा अवयव. ही परंपरा अखंड अविभाज्यच राहणार, असा फ्रेंच गणिती फर्मा याने १६४० साली तर्क केला होता. पाच वेळा खरा ठरलेला तर्क सहाव्यांदा फसला. १७३२ साली ऑयलरने दाखवून दिले की तिला ६४१ ने भाग जातो आणि भागाकार येतो ६७,००,४१७. हा भाजक त्याच्या हाती केवळ दैवाने लागला असे समजू नये. या संख्येचा प्रत्येक अविभाज्य भाजक ६४ च्या पटीत १ मिळवून येणाराच असला पाहिजे, असा नियम त्याने सिद्ध केला. त्या नियमाने १९३, २५७, ४४९ आणि ५७७ वगळले, की पाचवा ६४१ च!

पहिला अवयवही सामान्य नव्हे. केवळ पट्टी व कंपास घेऊन सतरा समान भुजांची सुसम आकृती काढता येते, हे गाउसने १७९६ साली शोधून काढले. विषम भुजांच्या अशा आकृतींसाठी भुजांची संख्या फर्माच्या निरनिराळ्या अविभाज्य संख्यांच्या गुणाकाराचीच, अथवा त्यांपैकी एखादीच, असावी लागते. तशा आजवर पाचच ठाऊक आहेत. त्यांचा गुणाकार ४,२९,४९,६७,२९५, म्हणजेच अर्ध्या पटावरील, पहिल्या बत्तीस घरांतील, दाण्यांची बेरीज. याहून अधिक विषम भुजांची आकृती हवी, तर फर्माची सहावी अविभाज्य संख्या सापडली पाहिजे. ऑयलरने फोडलेल्या संख्येपासून पुढे सलग अठ्ठावीस संख्यांचा निर्णय आजवर लागला आहे, आणि त्या सर्व विभाज्य निघाल्या आहेत.