घोडा कोणाचा?

घोड्यावर बसलेला मनुष्य उंच दिसतो, एवढ्यावरून समाज त्याच्याविषयी पुष्कळ अनुमाने बांधीत आला आहे. परंतु त्या मनुष्याचा खरा दर्जा कळावयाचा तर खालचा घोडा कोणाच्या मालकीचा, हे विचारावे लागते. मराठी राज्यात ह्या प्रश्नाच्या उत्तराप्रमाणे स्वाराला दोन निराळी नावेच होती. घोडा सरकारचा असेल तर तो बारगीर. घोडा व हत्यार पदरचे आणील तो शिलेदार. गंमत अशी, की 'सिलाह' म्हणजे हत्यार. पण आमच्या भाषेत शिलेदार म्हटले की आधी घोडाच डोळ्यांपुढे येतो.

ऐकणाऱ्याला सहज वाटेल की स्वतःचा घोडा असलेला मनुष्य अधिक जिद्दीने लढत असेल. व्यवहार मात्र उलटा होता. शिलेदाराचा घोडा हे त्याचे भांडवल. तो पडला की नोकरी गेली, घर बसले. तेव्हा ऐन गर्दीत घोडा घालताना त्याचा हात आखडला तर त्याला भित्रा म्हणण्याचे कारण नाही; शेतकरी आपला एकुलता बैल पुरात घालीत नाही, त्यातलाच तो प्रकार. बारगिराला ही धास्ती नव्हती. घोडा पडला तर पागेतून दुसरा मिळे. मात्र त्याची मानही पागेच्या हाती असे.

शिवाजी महाराजांनी पागेवर भर दिला तो ह्यासाठी. सभासदाच्या बखरीत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार अशी उतरंड दिली आहे, आणि पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद नेमल्याचे सांगितले आहे. शिलेदारही पागेच्या ताब्यात ठेवले, म्हणजे बंडाला जागा उरू नये, असा हेतूही त्यात स्पष्ट आहे. पावसाळ्यात फौज छावणीस परत येई. तेथे दाणा, गवत, औषधे यांची तरतूद आधीच केलेली असे. आम्हांला ह्या व्यवस्थेत लढाईइतकाच तो पखालजी महत्त्वाचा वाटतो. घोड्याशी रोजचा संबंध स्वारापेक्षा पाणी पाजणाऱ्याचा, नाल ठोकणाऱ्याचा आणि खरारा करणाऱ्या मोतद्दाराचा अधिक. इतिहासात नाव मात्र स्वाराचे राहते.

मालकीचा हा संशय मोगलांनाही छळीत होता. दाखवावयास चांगला घोडा आणून चाकरीस तट्टू पाठविण्याचा धंदा इतका माजला की अकबराने १५७३ च्या सुमारास घोड्यांना डाग देण्याची पद्धत सक्तीची केली. घोड्याला डाग, स्वाराचा 'चेहरा', म्हणजे रूपवर्णन, आणि दोन्ही सरकारी दप्तरात! पुढे इंग्रजांनीही आपल्या हिंदी रिसाल्यांत शिलेदारी पद्धत उचलली, कारण ती स्वस्त पडे. पहिल्या महायुद्धात परदेशी गेलेल्या रिसाल्यांना घोड्यांची भरती तिच्यातून जमेना, आणि युद्धानंतर ती बंद झाली.

जाता जाता एक गोष्ट. बंगालमध्ये १७४१ पासून दहा वर्षे मराठ्यांच्या स्वाऱ्या झाल्या. त्यांची दहशत तेथील अंगाईगीतात 'बर्गी' ह्या शब्दाने अजून उरली आहे. हा बर्गी म्हणजे आपला बारगीरच. ज्याचा स्वतःचा घोडा नव्हता, त्याचे नाव परप्रांतात सगळ्या फौजेला लागले!

घोडदळ गेले, उंच बसण्याचा मान मात्र गेला नाही, तो वरातीत येऊन राहिला. नवरदेवाचा घोडा बहुधा तासांच्या भाड्याचा. म्हणजे तो ना शिलेदार, ना बारगीर. तरीही त्याने कोणत्या आळीतून जावे, यावरून माणसे काठ्या घेऊन उभी राहतात. उत्तर प्रदेशातील कासगंज जिल्ह्यात २०१८ साली एका दलित तरुणाची वरात ठाकूरांच्या वस्तीवरून जाण्यास विरोध झाला. कित्येक महिने अर्ज-विनंत्या झाल्यावर ती मोठ्या पोलीस बंदोबस्तात निघाली. घोड्याचे भाडे दिले की घोडा मिळतो, उंची मिळत नाही, असे सांगणारे लोक अजून आहेत. आणि ती पुराणातली नव्हेत, आपल्या काळातली माणसे आहेत.

ह्याच्या अगदी उलट देखावा माथेरानला दिसतो. तेथे मोटारींना बंदी, म्हणून पाहुणे घोड्यावरून हिंडतात. वर बसलेला पाहुणा घोड्याचे नावही आजच ऐकतो. घोड्याला खरा ओळखणारा मनुष्य लगाम धरून तांबड्या धुळीतून शेजारी पायी चालतो. डिसेंबर २०२२ मध्ये तेथे विजेवर चालणाऱ्या रिक्षांचा प्रयोग सुरू झाला, तेव्हा घोडेवाल्यांनी विरोध केला. दमलेल्या म्हाताऱ्याला किंवा शाळेच्या पोराला रिक्षा हवी, यात आम्हांला शंका नाही. पण रिक्षा उभी राहिली तर तिला काही घालावे लागत नाही. पावसाळ्यात पाहुणे येत नाहीत, आणि घोडा मात्र तेव्हाही दोन्ही वेळा दाणा मागतो.